नेत्याची भाषा आणि संस्थेचे स्वरूप यांचा संबंध कसा तपासावा?

संस्थाशोधक

नमस्कार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्वातंत्र्यापर्यंत महाराष्ट्रात ज्या सार्वजनिक संस्था निघाल्या, त्यांच्या नेत्यांनी कोणत्या कामासाठी कोणती भाषा वापरली आणि त्या संस्थांची घडण कशी होती, यांचा परस्परांशी काही संबंध लावता येतो का, याचा मी अभ्यास करीत आहे.

व्यवस्थापनशास्त्रात कंपनीप्रमुखांची पत्रे आणि भाषणे घेऊन त्यांतील शब्द संगणकाने मोजायचे आणि त्यावरून त्या कंपनीच्या स्वभावाविषयी अनुमान काढायचे, ही पद्धत आता चांगली रुळली आहे. तिच्यामागे १९८४ मध्ये डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांनी मांडलेला विचार आहे. संस्थेच्या निर्णयांत तिच्या वरिष्ठांची मूल्ये आणि त्यांची जगाकडे पाहण्याची रीत उतरते, असे त्यांचे म्हणणे होते. हा विचार आपल्याकडच्या संस्थांना लावायचा झाला तर शब्द मोजण्याच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो, कारण आपल्या नेत्यांपुढे मुळात भाषांचीच निवड होती. रानडे, टिळक, आगरकर, गोखले, आंबेडकर या सर्वांना इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत सहज लिहिता येत होते. त्यामुळे त्यांनी अमुक मजकूर मराठीत लिहिला आणि तमुक इंग्रजीत लिहिला, यात काही हेतू असला पाहिजे.

माझे तात्पुरते गृहीतक असे आहे की ज्या संस्थेच्या नेत्याने मुख्यतः इंग्रजीत व्यवहार केला, ती संस्था मर्यादित सभासदांची, अर्ज-विनंत्यांवर भर देणारी आणि सरकारशी संवाद ठेवणारी होती. आणि ज्या नेत्याने मराठी निवडली, त्याची संस्था विस्तृत, वर्गणीवर चालणारी आणि चळवळीकडे झुकणारी झाली. मात्र नेत्याच्या भाषेमुळे संस्था तशी घडली, की संस्था तशी होती म्हणून नेत्याला ती भाषा घ्यावी लागली, हे कसे ओळखावे ते मला कळत नाही. जाणकारांनी उदाहरणांसह मत द्यावे, ही विनंती.

पेठेतला_वाचक

आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धासाठी, म्हणजे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ओळखण्यासाठी, पुण्याच्या सार्वजनिक सभेइतके उपयोगी उदाहरण दुसरे नाही असे मला वाटते. संस्था तीच, गाव तेच, नियमही बहुतांशी तेच राहिले आणि नेतृत्व मात्र बदलले, असा प्रसंग इतिहासात क्वचित मिळतो. तो इथे मिळतो.

सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. पर्वती संस्थानाच्या, म्हणजे पर्वतीवरील देवस्थानाच्या, कारभाराविषयीच्या तक्रारींतून ती उभी राहिली आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचा प्राण होते. सभासद होण्याची अट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्याशिवाय कोणाला सभासद होता येत नसे. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे अशा सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. म्हणजे रचनेच्या दृष्टीने ही संस्था आरंभापासूनच प्रातिनिधिक होती, आणि ज्या माणसांनी सह्या केल्या त्यांतील फार मोठ्या भागाला इंग्रजीचा गंधही नव्हता. तरीही रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली सभेचे नाव ज्यामुळे झाले ते सारे काम इंग्रजीत होते. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि ती इंग्रजी वृत्तांतांच्या रूपाने सरकारपुढे ठेवली. १८७८ पासून निघालेले सभेचे त्रैमासिकही इंग्रजी होते आणि पुढे त्याचे संपादन गोखल्यांनी केले. जमीनमहसूल, कर्जबाजारीपणा, जंगलाचे कायदे अशा विषयांवरचे त्यातले लेख आजही वाचावेत इतके कसदार आहेत, हे येथे सांगितलेच पाहिजे, कारण इंग्रजीत लिहिणे म्हणजे लोकांपासून दूर असणे असा सरसकट निष्कर्ष रानड्यांवर अन्याय करील.

१८९५ मध्ये सभेचे व्यवस्थापन टिळकांच्या बाजूच्या मंडळींकडे गेले. रानडे आणि गोखले बाहेर पडले आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. त्याच वर्षी पुन्हा दुष्काळ आला. म्हणजे तीच संस्था वीस वर्षांनी तशाच संकटापुढे उभी राहिली आणि तिने केले काय, तर दुष्काळाच्या सरकारी संहितेत रयतेला कोणत्या सवलती दिलेल्या आहेत ते सोप्या मराठीत छापून वाटले, गावोगाव प्रतिनिधी पाठवले, सभा घेतल्या आणि पीक बुडाले असेल तर सारा तहकूब करून घेणे हा तुमचा हक्क आहे असे शेतकऱ्यांना सांगितले. ‘केसरी’तूनही हाच मजकूर येत राहिला. सभेच्या प्रतिनिधींवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सरकारने, यापुढे सभेला लोकांच्या वतीने सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था म्हणून मान्यता नाही, असे जाहीर केले.

यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचे असे की १८७६ चा वृत्तांत आणि १८९६ चे पत्रक या दोहोंचा विषय एकच होता, माहितीही पुष्कळशी एकाच जातीची होती. परंतु पहिल्यात रयतेची स्थिती सरकारला सांगितली होती आणि दुसऱ्यात सरकारचा नियम रयतेला सांगितला होता. मजकुराची दिशा फिरली की भाषा फिरते आणि भाषा फिरली की संस्थेला वेगळी माणसे लागतात. इंग्रजी त्रैमासिकाला अभ्यासू संपादक आणि आकडे जमवणारे चार जण पुरतात. मराठी पत्रकाला ते गावात नेऊन वाचून दाखवणारा, चावडीवर उभा राहून बोलणारा, प्रसंगी तुरुंगात जायला तयार असलेला कार्यकर्ता लागतो. तसा कार्यकर्ता सभेकडे १८९५ पूर्वी नव्हता. त्यामुळे निदान या एका प्रकरणात तरी नेत्याने आधी श्रोता बदलला, भाषा त्याच्यामागून आली आणि संस्थेची घडण भाषेच्या मागून बदलली, असा क्रम मला दिसतो.

एक पुरवणी. टिळकांनी इंग्रजी सोडली नव्हती. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ बरोबरच निघाले, त्यांपैकी ‘मराठा’ इंग्रजी होते आणि आरंभी टिळक त्याचेच संपादक होते, तर ‘केसरी’ आगरकरांकडे होता. पुढे १८८८ मध्ये निघालेल्या ‘सुधारका’त आगरकर मराठी बाजू लिहीत आणि गोखले इंग्रजी. तेव्हा आपल्या अभ्यासात एका नेत्यासमोर एकच भाषा लिहून चालणार नाही.

जुन्नर_तालुका

वरील उत्तर वाचून समाधान झाले, पण मूळ गृहीतकाला एक मोठी अडचण आहे आणि ती कोणीतरी मांडली पाहिजे. ती अडचण म्हणजे प्रार्थना समाज.

१८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाची उपासना मराठीत होती. रानडे आणि भांडारकर तेथे मराठीत प्रवचने करीत, तुकोबांचे अभंग हा त्या प्रवचनांचा पाया असे. ‘सुबोधपत्रिका’ हे समाजाचे पत्र होते आणि त्यात मराठी मजकूर असे. आपल्या गृहीतकाप्रमाणे ही संस्था विस्तृत व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती शिकलेल्या, नोकरी-व्यवसायाने स्थिर झालेल्या शहरी कुटुंबांपुरतीच राहिली. तुकोबांचे अभंग पाठ असलेला देहू-आळंदीचा वारकरी त्या मंदिरात गेला नाही. याचा अर्थ मराठी हे एकच खाते धरून चालत नाही. कोणत्या मराठीत, हे पाहावे लागते. आणि त्याहून अधिक, त्या मराठीत कोणाला उलट बोलता येत होते, हे पाहावे लागते.

सहा वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या लेखनातील मराठी ही शेतकऱ्याच्या, माळ्याच्या, कुणब्याच्या बोलण्यातली होती आणि ती तशी असल्याबद्दल विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त तिचा उपहास केला. व्याकरणाच्या आधारे केलेला तो उपहास फुल्यांना रोखू शकला नाही, कारण त्यांच्या वाचकाला चिपळूणकरांचे प्रशस्तिपत्र नको होते. फुल्यांना इंग्रजी येत होती. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले ते इंग्रजीत आहे, ‘गुलामगिरी’ला इंग्रजी प्रस्तावना आहे. म्हणजे सरकारशी बोलायचे तेव्हा ते सरकारला कळेल त्या भाषेत बोलले.

परंतु भाषेच्या निवडीचा संस्थेवर खरा परिणाम झाला तो लेखनातून नव्हे, विधीतून. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नात ब्राह्मण पुरोहित नसे आणि मंगलाष्टके मराठीत असत. ती फुल्यांनी स्वतः रचली होती आणि १८८७ मध्ये पूजाविधीसह छापूनही काढली. ज्याला मराठी वाचता येते, किंवा ज्याने ती ऐकून पाठ केली आहे, तो कोणीही लग्न लावू शकतो, अशी व्यवस्था झाल्याबरोबर समाजाची शाखा काढण्यासाठी पुण्याहून कोणी येण्याची गरज उरली नाही. आमच्या जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे असे लग्न लागले तेव्हा जोशी-पुरोहितांनी आपल्या दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. संस्कृत मंत्र सांगणाऱ्याची मक्तेदारी किती खोलवर गेलेली होती आणि मराठी मंगलाष्टकांनी नेमके काय हलवले, हे त्या दाव्यावरून जितके कळते तितके दहा भाषणांवरून कळत नाही.

म्हणून माझे मत असे की नेता कोणत्या भाषेत बोलतो यापेक्षा, नेता नसताना संस्थेचे काम कोणत्या भाषेत चालते, हे विचारावे. प्रार्थना समाजात रानडे उठून गेले की तशा प्रवचनासाठी दुसरा विद्वान शोधावा लागे. सत्यशोधक समाजात फुले नसतानाही ओतूरला लग्न लागत होते.

संस्थाशोधक

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. प्रार्थना समाजाच्या उदाहरणावरून असे दिसते की भाषेचे नाव आणि संस्थेचा आकार अशी जोडी लावण्याऐवजी प्रत्येक कामामागे भाषा नोंदवावी लागेल: उपासना, सभासद-नोंदणी, हिशेब, सरकारी पत्रव्यवहार, वर्तमानपत्र, भाषण. असे कोष्टक केल्यास डॉ. आंबेडकरांच्या संस्था कोठे बसतात, हे जाणून घ्यायला आवडेल, कारण त्यांचे ग्रंथलेखन बहुतांशी इंग्रजीत आहे आणि तरीही त्यांच्या मागे उभा राहिलेला समाज त्या काळी जवळजवळ निरक्षर होता.

दीक्षाभूमी_परिसर

बाबासाहेबांच्या बाबतीत भाषेची निवड किती विचारपूर्वक होती हे सन आणि प्रसंग शेजारी ठेवले की स्पष्ट होते.

१९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली ती इंग्रजीत. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले ते मराठीत. एकाच वर्षाच्या अंतराने एकाच माणसाने ही दोन कामे केली आणि दोन्हींचा विषय अस्पृश्यांचे राजकीय हक्क हाच होता. पुढेही हीच रीत राहिली. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये, ‘जनता’ १९३० मध्ये, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६ मध्ये. ही सर्व पत्रे मराठी. सायमन आयोग, गोलमेज परिषद, घटना समिती येथे इंग्रजी. ग्रंथ इंग्रजीत असण्याचे कारण उघड आहे. ज्या विद्वानांच्या आणि राज्यकर्त्यांच्या जगात जातिव्यवस्थेविषयीचा वाद चालू होता, त्या जगाला त्याच्याच भाषेत उत्तर देणे भाग होते, आणि महाराष्ट्राबाहेरच्या अस्पृश्य बांधवांपर्यंत मराठी पोहोचत नव्हती.

या दुहेरी भाषेचा संस्थांच्या घडणीवर परिणाम झाला तो असा. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते आणि व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब. वरच्या फळीत नामांकित, इंग्रजी जाणणारे, सरकारदरबारी वजन असलेले हितचिंतक आणि खाली सोलापूरचे वसतिगृह चालवणारे, परिषदा भरवणारे मराठी कार्यकर्ते, अशी ती दोन मजली रचना होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला जी परिषद भरली आणि जिच्यानंतर चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, ती या खालच्या मजल्याची ताकद होती. तेथील अध्यक्षीय भाषण मराठीत झाले. महाडनंतर वरच्या मजल्यावाचून आपले अडत नाही, हा विश्वास संघटनेत आला, असे मला वाटते.

त्यानंतरच्या पक्षांकडे पाहावे. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष प्रामुख्याने मुंबई इलाख्यातला, कोकणातील खोतीविरुद्ध कुळांना उभे करणारा, आणि लोकांच्या तोंडी त्याचे नाव मराठीच होते. १९४२ मध्ये नागपुरात स्थापन झालेली संघटना अखिल भारतीय होती आणि ती मराठी माणसांतही शेड्युल्ड कास्ट फेडरेशन या इंग्रजी नावानेच ओळखली गेली, कारण पंजाब, बंगाल, मद्रास आणि महाराष्ट्र यांना एकत्र बांधणारी दुसरी भाषा तेव्हा त्यांच्याजवळ नव्हती. क्षेत्र विस्तारले तेव्हा नावाची भाषा बदलली.

आणि शेवटी १९५६. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी लोकांकडून मराठीत वदवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशीचे दीर्घ भाषणही मराठीत केले. बौद्ध धर्माची मूळ सूत्रे पालीत, त्यांच्या धम्मग्रंथाची भाषा इंग्रजी. पण ज्या प्रतिज्ञांनी माणसाचे रोजचे जगणे बदलायचे होते त्या त्यांनी घरच्या भाषेत ठेवल्या. वर जुन्नरच्या सदस्यांनी मंगलाष्टकांविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी याचा सरळ धागा जुळतो, आणि फुल्यांना बाबासाहेबांनी आपले गुरू मानले होते, हे लक्षात घेता तो जुळावा यात नवल नाही.

कुंडल_रोड

चर्चा राजकीय आणि सामाजिक संस्थांभोवती फिरते आहे, म्हणून उद्योगातील एक उदाहरण थोडक्यात नोंदवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली आणि शंकरराव किर्लोस्करांनी ती वाढवली. कारखान्याचे माहितीपत्रक म्हणून सुरू झालेल्या या छोट्या अंकाचे पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले.

त्या काळात यंत्रांच्या व्यापाराची भाषा इंग्रजी होती. तक्ते, मापे, आयात मालाच्या याद्या, सर्व इंग्रजीत. पण किर्लोस्करांचा मुख्य माल लोखंडी नांगर होता आणि तो लाकडी नांगरावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवणाऱ्या शेतकऱ्याला विकायचा होता. शिवाय कारखान्याच्या भोवती कामगारांची वसाहत होती, जिच्यात राहणारे लोक आसपासच्या गावांतले होते. मालक, कारागीर, अडत्या आणि गिऱ्हाईक हे चौघे एकच अंक वाचू शकत होते. कारखाना आणि वसाहत यांना एकत्र ठेवणारी जी आपुलकीची शिस्त किर्लोस्करवाडीविषयी सांगितली जाते, तिला हा समान वाचनाचा आधार होता, असे मला ठामपणे वाटते. येथेही मराठी निवडण्यामागे केवळ भाषाप्रेम होते असे मानू नये. गिऱ्हाईक मराठी होते.

दप्तर_आणि_रुमाल

अभिलेखागारात काम केलेल्या माणसाच्या नजरेतून पद्धतीविषयी काही सांगतो.

आपल्याला जे कागद मिळतील त्यांत इंग्रजीचे प्रमाण प्रत्यक्षाहून अधिक दिसेल. सरकारकडे गेलेला प्रत्येक अर्ज सरकारी दप्तरात जपला गेला. गावातल्या सभेत वाटलेले पत्रक पावसाळ्यात गेले. सार्वजनिक काकांनी भांडणे आपसांत मिटवण्यासाठी लवाद कोर्टाचा जो उपक्रम केला, त्यात पक्षकार कोणत्या भाषेत बोलले असतील हे सांगायला नको, पण आज सभेचा अभ्यास करणारा माणूस त्रैमासिकाचे खंड उघडून बसतो, कारण ते ग्रंथालयात आहेत. टिकलेल्या कागदांवरून शब्द मोजले तर रानड्यांची सभा होती त्याहून अधिक इंग्रजी ठरेल.

दुसरे असे की भाषा आणि श्रोता यांची जोडीसुद्धा पक्की नसते. ‘केसरी’ मराठीत असला तरी सरकारचा भाषांतरकार तो दर आठवड्याला वाचत होता आणि देशी वृत्तपत्रांचा गोषवारा इंग्रजीत तयार होत होता. आपण मराठीत लिहिले तरी ते सरकारपुढे जाणार, हे टिळकांना पूर्णपणे ठाऊक होते. सरकारलाही भाषेचे महत्त्व ठाऊक होते. १८७८ चा वृत्तपत्र कायदा फक्त देशी भाषांतील पत्रांना लागू होता, इंग्रजी पत्रांना नव्हता; कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने तर त्यातून सुटण्यासाठी स्वतःला इंग्रजी करून घेतले. म्हणजे एखाद्या पत्राची भाषा बदललेली दिसली तर त्यामागे नेत्याचा कल असेल असे नाही, कायद्याचा धाक असू शकतो. आपल्या कोष्टकात यासाठी वेगळी जागा ठेवावी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भाषणांवर भिस्त ठेवू नका. नेता सभेत मराठी बोलतो यात फारसे विशेष नाही, समोर माणसे मराठी असली की कोणीही बोलेल. संस्थेची घटना, इतिवृत्त आणि जमाखर्च कोणत्या भाषेत आहेत ते पाहा. जमाखर्च ज्याला वाचता येतो तो प्रश्न विचारू शकतो आणि पुढे पदाधिकारी होऊ शकतो. काँग्रेसचे उदाहरण घ्या. १८८५ मध्ये मुंबईत ७२ प्रतिनिधी जमले तेव्हापासून पुढची पस्तीस वर्षे तिचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत होते. १९२० च्या नागपूर अधिवेशनात गांधीजींच्या पुढाकाराने जी नवी घटना झाली तिने चार आणे वर्गणी ठरवली, प्रांतिक समित्या भाषावार केल्या आणि प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात बांधली. आपल्याकडे महाराष्ट्र, मुंबई, वऱ्हाड आणि मध्यप्रांतातील मराठी मुलूख अशा वेगवेगळ्या प्रांतिक समित्या त्यातून आल्या. तालुक्याच्या काँग्रेस समितीचे इतिवृत्त मराठीत लिहिता येऊ लागल्यावरच साताऱ्या-जळगावच्या शेतकऱ्याला तिचा चिटणीस होण्याची वाट मोकळी झाली. अधिवेशनांचे कामकाज शक्य तेथवर हिंदुस्थानीत चालवावे, हा ठराव मात्र पाच वर्षांनी, १९२५ मध्ये कानपूरला झाला. खालच्या समित्यांची भाषा आधी बदलली आणि व्यासपीठाची नंतर, हा क्रम आपल्या अभ्यासासाठी नोंदवून ठेवावा.

परळ_नाका

दप्तर आणि रुमाल यांच्या तिसऱ्या मुद्द्याला जोडून गिरणगावातली एक नोंद देतो. कॉम्रेड डांगे यांनी १९२२ मध्ये मुंबईत ‘सोशालिस्ट’ हे साप्ताहिक काढले ते इंग्रजीत होते आणि त्याचा वाचक शिकलेला तरुण होता. १९२७ मध्ये कामगार-शेतकरी पक्षाच्या मंडळींनी ‘क्रांती’ हे साप्ताहिक काढले ते मराठीत. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, त्याच काळात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि ३२४ सभासदांची ही युनियन वर्षअखेरीस ५४,००० सभासदांची झाली. एवढी वाढ साप्ताहिकाच्या भाषेने होत नसते, ती संपाने आणि उपासमारीत टिकून राहिलेल्या बायाबापड्यांनी केली, हे आधी मान्य करून पुढचे लिहितो.

युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते आणि डांगे सरचिटणीस होते. गिरणीगिरणीत कामगारांच्या समित्या होत्या आणि त्यांच्यापुढे संपाची कोंडी, मागण्या, तडजोडीची कलमे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांना कळतील अशा मराठीत मांडली जात. पाच वर्षांपूर्वी इंग्रजी साप्ताहिकाभोवती जे मंडळ होते त्याचा अध्यक्ष साचेवाला (मागावरचा कामगार) किंवा जॉबर (मुकादम) होणे शक्यच नव्हते. मालकांशी आणि सरकारी चौकशी समितीशी बोलणी इंग्रजीतच होत, त्यामुळे सुशिक्षित पुढाऱ्यांवरचे अवलंबित्व संपले नाही, आणि १९२९ च्या मार्चमध्ये कम्युनिस्ट कटाच्या आरोपावरील मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांना उचलल्यावर ते प्रकर्षाने जाणवले. त्या धरपकडीत आळवेही होते. मुद्दा तपासायचा असेल तर १९२९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत गिरणी समित्या कोणी चालवल्या आणि त्यांची पत्रके कोणत्या भाषांत निघाली, हे पाहावे. कारण गिरण्यांत उत्तरेकडून आलेले विणकरही होते आणि मराठी बोलणारी युनियन त्यांच्यापर्यंत कितपत पोहोचली, हा प्रश्न या सगळ्या चर्चेत अजून कोणी विचारलेला नाही.